चोळामोळा सर

सपाट कागद हातात आला की आमच्या सरांना राहवत नसे. लग्नपत्रिका असो की मिठाईच्या पुड्याचा कागद, काम झालं की ते त्याचा चोळामोळा करत आणि मग हलक्या हातानं उलगडून त्यावरच्या रेषा बघत बसत. छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवत. सगळे त्यांना 'चोळामोळा सर' म्हणत आणि त्यांनाही ते नाव आवडे.

"कागदाला वाकणं जमतं, ताणणं जमत नाय," ते वर्गात सांगत. "म्हणून दाबला की तो घड्या घालून घेतो. सगळा भार त्या रेषांवर. मधला कागद मोकळाच." गुलमंडीच्या बाजारात गेले तरी कापडाचं टोक मुठीत दाबून बघत. दुकानदार वैतागून म्हणे, "सर, लेना है तो लेव, चोळामोळा मत करो." मग ओशाळून सर नको असलेलं कापड घेऊन येत.

मी त्यांच्याकडे पीएच.डी. करत होते. चुरगळलेल्या कागदावर वजन ठेवलं तर तो कुठवर खचत राहतो, हा आमचा विषय. सरांचं म्हणणं, शेवटी थांबतो. आमचे आकडेही तेच सांगत होते. शोधनिबंध स्वीकारला गेला होता. मग उन्हाळ्यात प्रयोगशाळेत कूलर लागला आणि स्थिर झालेला कागद पुन्हा खचू लागला. हवेतल्या ओलाव्यानं तो नरमत होता.

मी म्हणाले, "सर, कूलर बंद करू. आधीचे आकडे आहेतच की."

"हायेत. पण त्यात कागदाचं किती अन् हवेचं किती, ठाव हाय का तुला?"

त्याच दुपारी त्यांनी निबंध मागे घेतला. निवृत्ती तोंडावर आली होती. नोकरीतला तो त्यांचा शेवटचा निबंध ठरला असता.

निवृत्तीनंतरही ते खुलताबादहून एसटीनं येत. त्यांच्या खुर्चीवर आता दुसरे सर होते, म्हणून हे माझ्याशेजारी स्टुलावर बसत. पाणी न शोषणारी प्लास्टिकची पातळ शीट घेऊन आम्ही सगळं पुन्हा केलं. ती शीट थांबलीच नाही. वेग मंदावत गेला, पण खचणं चालूच राहिलं.

माझ्या तोंडी परीक्षेला सर मागच्या रांगेत बसले होते. तब्येत खालावली होती. मुलगा हाताला धरून घेऊन आला होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला विचारलं, "म्हणजे तुमच्या मार्गदर्शकांचा अंदाज चुकीचा होता?"

सरांच्या देखत हो कसं म्हणावं? तेवढ्यात मागं खुर्ची सरकली. सर उठून उभे होते.

"व्हय, चुकीचा होता," ते म्हणाले. "पोरीनं दाखवलं. लई चांगलं दाखवलं."

पुढच्या हिवाळ्यात सर गेले. आता माझ्याकडे मुलं संशोधन करतात. एखादी विद्यार्थिनी भर सभेत माझंच म्हणणं खोडून काढते, तेव्हा आधी टोचतं. मग मी उठून उभी राहते.