अप्पांचा डावा हात

सिरसाळ्याच्या बाजारात आमच्या अप्पांनी डाव्या हातानं कुणाला काही दिलं किंवा कुणाकडून काही घेतलं, असं कुणी पाहिलेलं नाही. तराजू उजव्या हातात, सुट्टे पैसे उजव्या हातानं. पुडी बांधताना डाव्याला तेवढी सूट होती. एरवी तो मांडीवर स्वच्छ पडून असे, कारण तो पूजेचा हात. पहाटे अंघोळ झाली की अप्पा गळ्यातली चांदीची डबी उघडत, इष्टलिंग डाव्या तळहातावर घेत आणि त्याच्याकडं बघत बसत. पूजा होईपर्यंत दुकान उघडायचं नाही, तोंडात घोटभर पाणीही घ्यायचं नाही. "आधी तळहात, मग ताट," हे त्यांचं वाक्य मी पाढ्यांच्याही आधी शिकले.

त्यांची दुसरी सवय म्हणजे गिऱ्हाईक विसरून गेलेल्या वस्तूंची खुंटी. छत्र्या, पिशव्या, एकदा तर कुणाची तरी कवळी तिथं रुमालात बांधून टांगलेली होती. "ज्याचं त्याला गेलं पायजे. दुसऱ्याची वस्तू घरात आसली की मला झोप लागत न्हाई," ते म्हणायचे. त्या वर्षांत दुकानादुकानांत शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या. कंपनीच्या माणसानं माळांबरोबर एक प्लास्टिकचं घड्याळ भेट म्हणून ठेवलं, तर अप्पांनी तेही खुंटीला लावलं आणि पुढच्या खेपेला त्याच्या हातात दिलं. तो म्हणाला, "अप्पा, हे तुमचंच आहे." अप्पा म्हणाले, "मी कवा मागितलं?"

मी लातूरला शाळेत शिकवत होते. एके दिवशी शाळेसमोरच्या एसटीडी बूथवर धाकट्या भावाचा फोन आला. अप्पा दुकानात बसल्या जागी कलंडले होते. मी अंबाजोगाईच्या दवाखान्यात पोचले तेव्हा त्यांची डावी बाजू गेलेली होती. बोलणं जड झालं होतं, पण कळत होतं. आई आधीच गेलेली, भाऊ दुकान सांभाळून डबा पाठवायचा, खाटेजवळ मीच.

पहिल्याच सकाळी त्यांनी मला हाक मारली. "माय, हा हात कुणाचा ठिवलाय इथं?"

"तुमचाच आहे, अप्पा."

"मपला न्हाई. कुणीतरी इसरून गेलंय. ज्याचा त्याला देऊन टाक."

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं की मेंदूला मार बसला की असं होतं, शरीराची ती बाजू आपली वाटतच नाही. हे वेड नव्हे. मला समजलं, पण वॉर्डाला कोण समजावणार? शेजारच्या खाटेवर कडा गावचे एक म्हातारबा दम्यानं पडले होते. ते म्हणाले, "शेठ, मपल्या खाटेवर तेवढा टाकू नका. आधीच जागा न्हाई." वॉर्ड हसला. मी खिडकीकडं तोंड करून संत्रं सोलत राहिले. हे माझेच वडील आहेत, हे त्या क्षणी कुणाला कळू नये असं मला वाटत होतं.

अंघोळीची वेळ आली तेव्हा मी खाटेला चादर बांधून आडोसा केला. लेकीनं बापाचं अंग पुसायचं, हे आमच्या घरात कुणी ऐकलंही नव्हतं. अप्पांनी डोळे गच्च मिटून घेतले. चादरीपलीकडून म्हातारबा म्हणाले, "डोळे मिटले की आपल्याला दिसत न्हाई शेठ, लोकांला दिसतंच." मीही डोळे मिटल्यासारखीच पुसत होते. कोरडं धोतर नेसवून झालं तरी दोघांनाही एकमेकांकडं बघवेना.

खरी अडचण पुढंच होती. अंघोळ झाली, आता पूजा. मी डबी उघडली. पण अप्पा तो हात पूजेला घेईनात. "दुसऱ्याच्या हातावर कसं ठिवू? त्याला इचारलंय का कुणी?" आणि पूजा नाही म्हणून जेवण नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल.

तेव्हा मी माझ्या वर्गातल्या आवाजात बोलले. त्यांचा हात उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "म्हणा, हा माझा हात आहे. म्हणा." सगळा वॉर्ड बघत होता.

"तू म्हणतीस तर आसंल, माय," अप्पा म्हणाले. मग मान वळवून म्हातारबांना हळूच सांगितलं, "पोरगी लई शिकलेली हाय. पण हात दुसऱ्याचाच हाय."

या वेळी म्हातारबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी हात खाली ठेवला. माझ्या बोटांचे वळ त्या मनगटावर उमटले होते, आणि अप्पांना ते कळलेही नव्हते.

मी स्टूल जवळ ओढून बसले आणि म्हणाले, "अप्पा, ज्याचा आहे तो अजून आला नाही. तोवर माझा हात चालेल?"

आमच्यात एकाचं इष्टलिंग दुसऱ्याच्या हातावर जात नाही. अप्पांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ते माझ्या तळहाताकडं कितीतरी वेळ बघत राहिले. "धुतलास का?" त्यांनी विचारलं. मी पुन्हा धुऊन आले. त्यांनी उजव्या हातानं लिंग माझ्या तळहातावर ठेवलं आणि एकटक बघू लागले. म्हातारबांनी आपला ट्रान्झिस्टर बंद केला. पूजा झाल्यावर अप्पांनी मी भरवलेलं खिमट खाल्लं, आणि मग भिंतीकडं तोंड करून कुणाला दिसणार नाही असं रडले. मीही पाहिलं नाही असं दाखवलं.

रजा संपेपर्यंत रोज तसंच चाललं. अप्पांना घरी सोडलं आणि मी लातूरला परतले. माझ्यामागं पूजेचं काय होत असेल या धास्तीनं सुटी मिळताच सिरसाळ्याला गेले, तर अप्पा ओसरीवर पूजेला बसलेले. लिंग त्यांच्याच डाव्या हातावर होतं. बोटं आता आखडून मुठीसारखी झाली होती. ती उघडून धरायला भाऊ मदत करत होता.

"सापडला का हाताचा धनी?" मी विचारलं.

"लई वाट बघितली. कुणी आलं न्हाई," अप्पा म्हणाले. "मग मीच ठिवून घेतला."

माझ्या दरडावण्यानं जे झालं नाही, ते त्यांनी आपल्या पद्धतीनं केलं होतं. नंतर प्रत्येक सुटीत ती मूठ मी उघडत असे. बोटं ओढायची नाहीत. मनगट आत वाकवलं की ती आपोआप सैल पडतात.

अप्पा गेले तेव्हा आमच्या रीतीप्रमाणं त्यांना भिंतीशी बसवलं. डाव्या हातात इष्टलिंग द्यायचं होतं. अंत्यविधीला आलेल्या स्वामींनी दोनतीनदा प्रयत्न केला, मग जमलेल्या पुरुषांकडं बघून म्हणाले, "मूठ उघडत न्हाई. जोर लावावा का?"

"थांबा," मी म्हणाले आणि पुढं झाले. मनगट हळूच आत वाकवलं. बोटं सुटली. त्या हाताखाली मी माझा तळहात धरला आणि स्वामींनी लिंग ठेवलं.

थोड्या वेळानं स्वामींनाच सांगावं लागलं, "बाई, आता काढा तुमचा हात."