भस्माच्या डबीतला सोडा

आत्याला घरातून घालवायचं असं मी ठरवलं, तेव्हा माझ्या ओठांना आणि बोटांना मुंग्या येत होत्या. मुंग्या तिच्यामुळे येतात, अशी माझी पक्की खात्री होती.

तेव्हा मी रेल्वेच्या कचेरीत होतो. बायको बाळंतपणाला इंदूरला गेलेली. गंगेकाठी दूधविनायकाच्या देवळाजवळच्या घरात मी आणि माझी विधवा आत्या, दोघंच. तिला दुसरा आसरा म्हणजे ग्वाल्हेरचा चुलतभाऊ. त्याने तिला ठेवून घेतलं असतं, पण उपकार म्हणून, आणि रोज ते बोलून दाखवत. हे मला ठाऊक होतं. तरीही ठरवलं.

आता माझं पाप सांगतो. गल्लीच्या तोंडाशी सकाळी कचौडी-जिलबी मिळे. तिच्यापायी छातीत इतकं जळजळायला लागलं की एकदा मी दूधविनायकासमोर, आत्याला साक्षी ठेवून, बाहेरचं खाणं सोडलं. व्रत पुढच्या चतुर्थीपर्यंतसुद्धा टिकलं नाही. मग कोणीतरी खाण्याचा सोडा सुचवला. चमचाभर पाण्यात घेतला, ढेकर आली, स्वर्ग दिसला.

पण सोडा ठेवायचा कुठे? स्वयंपाकघरात आत्याचं राज्य. देवपूजा मात्र माझ्याकडे, आणि सोवळ्यातल्या भस्माच्या डबीला हात लावायची कोणाची छाती नव्हती. भस्म मी गंगार्पण केलं आणि डबीत सोडा भरला. देवाची घंटा वाजवायची आणि त्या आवाजात तीर्थाच्या पळीने सोडा ढवळायचा. आधी एक पळी, मग दोन, मग मोजणं सोडून दिलं. शिवाय शिंदे घाटावर एका पहिलवानाने शिकवलं होतं की मिठाचं कोमट पाणी प्यावं आणि ओकून टाकावं, 'पेट साफ, दिमाग साफ.' जिलब्या जास्त झाल्या की तेही करायचो.

महिनाभरात पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, पापणी आपोआप फडफडे. डोकं असं जड की कचेरीत हातातलीच फाइल शोधत बसायचो. संध्याकाळी आत्या दुधाचा पेला आणून ठेवी. तोच मला खटकायला लागला.

"यात काय घालतेस?"

"साखर. का, कमी झाली?"

"रंग वेगळा दिसतो."

"मग दूधवाल्याला विचार. गंगा मिसळतो मेला. घे, पुण्य लागेल."

इतकं सरळ उत्तर निर्दोष माणूस देतो का? मी दूध गुपचूप मांजराला घालू लागलो. मांजर आठवड्यात गुबगुबीत झालं. त्यावरून मी ताडलं की विष हळू भिनणारं आहे.

मग एका सकाळी आत्या देवघराच्या दारातून बाहेर पडताना दिसली. कमरेला पुडी खोचत होती. मला पाहून दचकली. अर्ध्या तासाने मंगला गौरीच्या देवळाबाजूच्या वैद्याकडून परतली. झालं! भांग, नाहीतर त्याहून वाईट. माझा श्वास जोरजोरात चालू लागला, मुंग्या कोपरापर्यंत चढल्या. तसाच बसलो आणि ग्वाल्हेरला पत्र लिहायला घेतलं. 'आत्याला लगेच घेऊन जा, कारण' एवढं लिहिलं आणि हात आखडला. पाची बोटं टोकाला जुळून वळली, वरणभाताचा घास उचलावा तशी. टाक त्यांच्यात अडकलेला. मी ओरडलो ते थेट गल्लीपर्यंत.

आत्यानेच मला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. त्यांनी विचारलं, "क्या-क्या लेते हैं?"

"कुछ नहीं. सादा भोजन." मी आत्याकडे तिरकं पाहत म्हणालो, "दूध की जाँच करवाइए."

आत्याने पदराखालून भस्माची डबी काढून टेबलावर ठेवली. "डॉक्टर साहब, इसकी जाँच कीजिए. भस्म कपाल पर टिकता नहीं, और लोटे में घुलता है. पुडी बाँधकर वैद्यजी को दिखाई. नींबू निचोड़ा तो भस्म उबलने लगा."

म्हणजे पुडीत माझाच सोडा होता. घरात येत नव्हता, घरातून जात होता.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी समजावलं ते असं: सोड्याने रक्तातला क्षार वाढला. ओकून टाकण्याने पोटातलं आम्ल गेलं, त्यामुळे तो आणखी वाढला. क्षार वाढला की नसा चाळवतात, मुंग्या येतात, स्नायू आखडतात, डोकं गोंधळतं. आणि भीतीने भराभर श्वास घेतला की त्यात भर पडते. माणूस चिडचिडा, भ्रमिष्टही होऊ शकतो, असं ते म्हणाले.

हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं. मी लगेच आत्याकडे वळलो. "बघ, म्हणून मला संशय आला."

"सोड्याने हात वळतो रे," आत्या म्हणाली. "तुझा संशय मुंजीपासूनचा आहे. भिक्षावळीचे लाडू कोणी खाल्ले म्हणून मलाच धरलं होतंस."

सलाइन लागलं, सोडा बंद झाला, ओकणंही. बोटं त्याच दिवशी मोकळी झाली. घरी आलो तर पत्र बैठकीवर तसंच. आत्याने चष्मा लावून ते वाचलेलं दिसत होतं, कारण चष्मा त्याच्यावरच ठेवला होता.

"पाठव ना," ती म्हणाली. "नुसतं 'कारण' लिहून सोडलंस. तो बिचारा काय समजेल? हात सुटला ना आता? लिही."

मी टाक उचलला. दौतीत बुडवला. मग म्हणालो, "आत्या, काही सुचत नाही."

"मग ठेव. सुचलं की लिही. तोवर मी आहे."

ती आत गेली आणि दुधाचा पेला घेऊन आली. माझ्यासमोर एक घोट स्वतः प्यायली, पदराने कड पुसली आणि पेला पुढे सरकवला. तो घोट मला सोड्यापेक्षा जास्त झोंबला. पेला मी शेवटपर्यंत प्यायलो. मांजर दारात वाट बघत बसलं होतं.