पाचवीची धुरी

शेगडीत ओवा-शेपा टाकल्याचा वास आला की मला धाकट्या लेकीची पाचवी आठवते. थोरल्याच्या वेळी दिवसरात्र कळा सोसूनही शेवटी पोट फाडावंच लागलं होतं, म्हणून दुसऱ्या खेपेला उमरग्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा माझ्याआधी आईच म्हणाली, "तारीख ठरवून सिझरच करा." मग माझ्याकडं वळून, "तुझ्या सासरच्यांचं म्या बघते, तू भिऊ नको." तेवढ्या शब्दावर मी निर्धास्त टेबलावर चढले. पाचवीला माहेरी पाटा पुजायला बायका जमल्या, माझ्या बाजेखाली धुरी धुमसत होती, आणि सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "कळांची वाट न बघताच पोट फाडून घेतलं हिनं." मी आईकडं बघितलं. पाट्याला हळद वाहता वाहता, मान वर न करताच ती म्हणाली, "म्या लई समजावलं विहीणबाई, पर हिनं ऐकलं न्हाय." मला हुंदका आला, पण टाके ओढतील म्हणून तोही गिळला. परवा भावजयीचंही दुसऱ्या खेपेचं सिझर ठरत होतं. आई तिला म्हणाली, "भिऊ नको, म्या हाय." मी आईसमोरच भावजयीला म्हटलं, "हे चार बायकांपुढं वदवून घे."