मीटरमधल्या अक्षता

हळदकुंकवाची आणि अक्षतांची पुडी आमच्या आईच्या, अंबूबाईच्या, कनवटीला कायम असते. खंडेनवमीला तर पंप, विळे, माझी जुनी मोटार, काही म्हणून तिच्या पूजेतनं सुटत नाही. सांगून सांगून माझं तोंड दुखलं, पण ऐकेल ती आई कसली!

परवा मोटारीचा किलोमीटरचा आकडा फिरायचा थांबला, म्हणून आईला बाजाराला नेताना उचगावच्या विजयसिंह मिस्त्रीकडं गेलतो. त्यानं मीटर उघडला आणि बघतच राहिला. दातेरी चाकांत कुंकवाचा गाळ, मधे तांदळाचे दाणे अडकलेले.

"पावणं, मीटर हाय का देव्हारा?"

मी हबकलोच. तडकलेल्या काचेच्या फटीतनं वर्षानुवर्षं अक्षता आत गेलत्या! "आई, यंत्र हाय त्ये, देव न्हाय!" मी भर गॅरेजात ओरडलो.

मिस्त्रीनं चाकं धुतली, मोडकं बदललं. हातानं फिरवून बघितलं तसा आकडा टकाटक पुढं सरकला. तो नवी काच आणायला वळला, तेवढ्यात आईनं पुडी सोडली आणि उघड्या मीटरवर चिमूटभर अक्षता टाकल्या.

मिस्त्री जागच्या जागी थिजला.

"असं काय बघताय?" आई म्हणाली. "मेलेलं जितं झालंय की. पूजा नको व्हय?"