शेवटच्या थांब्यावर सांगायची बातमी

लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, नवरा यष्टीचा डायव्हर आहे, तुला जन्मभर फुकट हिंडवील. हिंडवलं फारसं नाही, पण बोलून बोलून कान मात्र भरले. परभणीत आमच्या दोन खोल्या होत्या. हे ड्यूटीवरून आले की वहाणा काढायच्या आतच सुरुवात व्हायची. झरीच्या बाजारात आज वांगी कशी होती, बोरीच्या अलीकडे मेंढरं रस्त्यावर कशी बसली होती आणि मेंढका कसा खुशाल तंबाखू मळत होता, सगळं सांगायचे. पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधी अर्धं वाक्य, आणि पाणी पिऊन झाल्यावर उरलेलं अर्धं. त्या वर्षांत नामांतरावरून बंद झाला की गाड्या डेपोत उभ्या राहायच्या, आणि हे दिवसभर घरात. तशा दिवशी शेजारीण मला विचारायची, "तुमच्याकडं पाव्हणे आलेत का?" पाहुणे कुठले, एकटे हेच असायचे.

असा माणूस गाडीत मुका होतो हे मला लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला कळलं. माझं माहेर राणीसावरगावचं. तेव्हा ह्यांची ड्यूटी दुपारच्या राणीसावरगाव गाडीवर होती. ती गाडी गावात जाऊन तासभर थांबायची आणि परत परभणीला यायची. मी नवं लुगडं नेसून ऐटीत पुढच्या सीटवर बसले. नवरा गाडी चालवतोय आणि आपण मागे बसलोय, ह्याचं मला केवढं कौतुक! गाडी परभणीबाहेर पडली तशी मी म्हटलं, "ऐकलं का, आईसाठी बांगड्या घ्यायच्या राहिल्या बघा."

उत्तर नाही.

वाटलं, इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. जरा पुढे वाकून मोठ्यांदा म्हटलं, "गंगाखेडला गाडी थांबल्यावर घ्यायच्या का?"

मान सुद्धा हलली नाही. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मागच्या बायका फिदीफिदी हसायला लागल्या. कंडक्टर पुढे आले. वयस्क मुसलमान गृहस्थ होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. ते हळूच म्हणाले, "भाभी, वर लिवलंय ते वाचलं का?"

काचेच्या वर तांबड्या अक्षरात लिहिलं होतं की गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. मी सातवीपर्यंत शिकलेली, वाचता येत होतं. पण ते मला कशाला लागू होईल? मी काय परकी होते? उरलेली वाट मी खिडकीबाहेर बघत आणि डोळे पुसत काढली.

गावात उतरल्यावर तडक घरी जाऊन आईला सांगितलं, "ह्यांनी मला गाडीभर माणसांत खाली बघायला लावलं." तेवढ्यात हे जेवायला आलेच. अंगणातूनच बोलणं सुरू. माझ्या वडलांना पिकाचं विचारलं, आईला गुडघ्याचं, गोठ्यातल्या कालवडीला सुद्धा दोन शब्द. मी तोंड फिरवून भाकरी थापत होते.

वडील हसून म्हणाले, "जावई, आमची लेक रुसलीय. गाडीत बोलत न्हाईत म्हनं तुमी."

"न्हाई बोलत, मामा."

"कामून? आमी बैलगाडी हाकताना गावभराच्या गप्पा मारतो की."

"तुमच्या बैलाला रस्ता ठाऊक हाय, मामा. माझ्या गाडीला न्हाई."

वडलांना ते पटलं, पण ते लगेच हार मानणारे नव्हते. त्यांना कोणत्याही सरकारी नियमाचा राग होता. म्हणाले, "ते ठीक. पण त्याला पाटी कशाला लागती? ज्याला अक्कल हाय तो आपसूक गप बसंल. ज्याला न्हाई, तो पाटी वाचून शाना होनार हाय का?"

ह्यांनी घास खाली ठेवला. "मामा, पाटी माझ्यासाठी न्हाईच. उद्या गावचा मोठा मानूस पुढं बसून बोलायला लागला, तर त्याला गप बसा म्हनायची माझी टाप हाय का? तोंडानं म्हनलं तर भांडन होतंय. पाटीनं म्हनलं तर कुनाला राग येत न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आन बायकोला गप बस म्हनायची तर त्याच्याहून टाप न्हाई."

आई पदरात तोंड लपवून हसली. मला हसू येत होतं, पण मी येऊ दिलं नाही. जाताना हे चुलीपाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुझ्याशी बोलायला लागलो ना, की मला तुझं तोंड दिसायलाय. डोळे उघडे असतेत, समोर रस्ता असतो, पन दिसतं तुझं तोंड. मग रस्ता कुनी बघायचा?"

नवऱ्याने असं म्हटल्यावर कोणती बाई रुसून बसेल? मी दोन भाकरी फडक्यात बांधून दिल्या, एक ह्यांना आणि एक चाचांना.

आता आमच्या घरी ही चर्चा मोबाइलवरून होते. गाडी चालवताना फोनवर बोलायला कायद्याने बंदी असावी का? माझा जावई म्हणतो, कानात ते बोंडूक घातलं की दोन्ही हात मोकळे, मग सरकारला काय पडलंय? मी म्हणते, बाबा, हात मोकळे आहेत, पण डोळ्यांपुढे कोण आहे? बोलताना समोरच्याचं तोंड दिसतंच, ते काही कानात बोंडूक घालून जात नाही. शिवाय साहेबाचा फोन आला तर तू नको म्हणशील का? कायदा असला की म्हणता येतं. मी बंदीच्या बाजूची आहे. पण अशा कायद्याचा काच कसा असतो तेही मला ठाऊक आहे, कारण माझ्या पहिल्या बाळंतपणात तो आम्हाला बसला.

मी बाळंतपणाला माहेरी आले होते. पावसाळ्याचे दिवस होते, रस्त्यात चिखल. सकाळी सुईणीच्या हाताखाली घरीच मुलगी झाली. लेक ठणठणीत होती, पण माझं रक्त थांबेना. दुपार व्हायला आली तशी सुईण म्हणाली, "हिला गंगाखेडच्या दवाखान्यात न्या." गावात तेव्हा दुसरं वाहन नव्हतं. दुपारची गाडी येईल तीच परत जाणार, आणि ती गाडी ह्यांचीच. पण रस्ता फार खराब असला की गाडी कधी कधी अलीकडच्या फाट्यावरूनच वळायची. म्हणून माझा थोरला भाऊ सायकल दामटत फाट्याकडे निघाला.

पुढचं मी पाहिलेलं नाही. भावाने, चाचांनी आणि त्या गाडीतल्या कितीतरी माणसांनी मला ते इतक्यांदा सांगितलं की पाहिल्यासारखंच झालंय.

गाडी फाट्यावर थांबली. भाऊ मागच्या शिडीने सायकल टपावर चढवून मागच्या दाराने आत शिरला, त्यामुळे ह्यांना तो दिसलाच नाही. चाचांनी घंटी दिली, गाडी गावाकडे निघाली, तसं त्यांनी विचारलं, "काय खबर?" भावाने सांगितलं, पोरगी झाली, पण बहिणीला दवाखान्यात न्यायचंय. आणि तो पुढे निघाला. चाचांनी त्याचा दंड धरला.

"कुठं चाललास?"

"दाजीला सांगतो की!"

"बिलकुल न्हाई. सांगून गाडी लवकर पोचनार हाय का? चिखल बघ केवढा हाय. बायकोची फिकर डोक्यात घेऊन तो गाडी कुठं घालील, सांगता येतंय का? शेवटच्या थांब्यावर मी सांगतो."

"मग गाडी उभी करून सांगा."

"सांगितल्यावर पुन्हा चालवायची त्यालाच हाय ना?"

एव्हाना मागच्या चार सीटांना कळलं होतं आणि पुढच्यांना कळत होतं. लेकीकडे निघालेली एक धनगराची म्हातारी मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती. ती चवताळली. "आरं, गाडीभर मानसाला ठाऊक, आन ज्याची लेक त्यालाच न्हाई! ह्यो कसला कायदा म्हनायचा? कोकराची माय आडली तर मेंढक्याला उठवून सांगतेत, हा तर बाप हाय!"

एकजण म्हणाला, "आजी, हळू. ऐकू जाईल."

"जाऊ दे की! त्याचाच हक हाय!"

चाचा तिच्यापाशी खाली बसले. म्हणाले, "आजी, तुझं खरं हाय. पन ही गाडी नीट पोचली तरच त्याच्या बायकोला दवाखान्यात नेता येईल. दुसरी गाडी न्हाई."

म्हातारीने आवाज खाली आणला, पण तिला ते पटलं नव्हतं. ती गाव येईपर्यंत ह्यांच्या पाठीकडे बघत राहिली. ह्यांना आरशात सगळी गाडी आपल्याकडे बघताना दिसत होती. त्यांना वाटलं, आपला सदरा पाठीवर फाटलाय की काय.

गावात गाडी थांबली, इंजिन बंद झालं. माणसं एरवी दारात रेटारेटी करायची, त्या दिवशी भराभर आणि गुपचूप उतरली. चाचांनी पुढे जाऊन सांगितलं. हे उतरले तेव्हा भाऊ समोर उभा होता, आणि पारापाशी बाजेवर मला आणून ठेवलं होतं.

ह्यांचा चेहरा मला आठवतो. आधी माझ्याकडे बघितलं, मग आईच्या हातातल्या दुपट्याकडे, आणि मग चाचांकडे. चाचांना म्हणाले, "फाट्यापासून ठाऊक होतं तुमाला?"

"होतं."

ह्यांनी लेकीच्या मुठीत एक बोट दिलं, तिने ते धरलं, ते सोडवून घेतलं आणि हे गाडीत चढले.

मला मागच्या लांब सीटवर गोधडीवर झोपवलं. आई लेकीला घेऊन बसली, भाऊ माझे पाय उंच धरून. गंगाखेडपर्यंतचे प्रवासी पुढे दाटीवाटीने उभे राहिले. गाडी सुटायच्या आधी ह्यांनी चाचांना एवढंच सांगितलं, "मी मागं वळून बघनार न्हाई. हिचं काई कमीजास्त झालं तर घंटी द्या. घंटी न्हाई वाजली, तर मी समजीन की ठीक हाय."

गाडी निघाली. खड्डा यायच्या आधीच ती हळू व्हायची आणि अलगद बाहेर निघायची. तो रस्ता एवढ्या मऊपणे मी कधी पार केला नव्हता. मला ह्यांची पाठ तेवढी दिसत होती, तीही माणसांच्या फटीतून. मधल्या एका वस्तीपाशी दोन शेतकऱ्यांना उतरायचं होतं. एकाने सवयीने चाचांना खूण केली. चाचा म्हणाले, "घंटी दिली तर त्याचं काळीज फाटंल, भाऊ." तो माणूस वर हात धरून तसाच उभा राहिला. त्याचं गाव मागे गेलं. दुसऱ्याचंही गेलं. अशी किती माणसं त्या दिवशी आपलं गाव सोडून गंगाखेडला आली आणि चिखल तुडवत परत गेली, मला माहीत नाही. गंगाखेडपर्यंत घंटी वाजली नाही.

दवाखान्यासमोर गाडी थांबली. हे मागच्या दाराने आत आले. एवढा बोलका माणूस, माझ्याजवळ बसला आणि त्याला शब्दच सापडेना. शेवटी म्हणाले, "जेवलीस का?"

मी तशा अवस्थेतही हसले. मग जे बोलणं सुटलं ते डॉक्टरीणबाईंनी बाहेर काढेपर्यंत थांबलं नाही. गाडी परभणीला पोचवून हे संध्याकाळी एका ट्रकने परत आले. बाटल्या लागल्या, इंजेक्शनं झाली, आणि काही दिवसांनी मी उठून बसले.

चाचांशी मात्र हे धड बोलत नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, "चाचांनी बराबर केलं. त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. तरी आतून राग जात न्हाई, त्याला काय करू?" मी म्हटलं, जाऊ द्या, राग आपल्या पायांनी जाईल. तो गेला तो चाचांच्या बायकोने लेकीसाठी स्वतः शिवलेलं झबलं पाठवलं तेव्हा. चाचा ते द्यायला दवाखान्यात आले, लेकीला मांडीवर घेऊन बसले, आणि ह्यांनी त्यांच्यासाठी चहा सांगितला. दोघे एकाच बशीतून चहा प्यायले.

मी माहेरी परतले त्या दिवशी ह्यांनी गंगाखेडहून टोपलीभर जिलेबी आणली. गाडी गावात उभी होती. परत निघायच्या गाडीत ती धनगराची म्हातारी चढत होती, लेकीकडून घरी निघालेली. ह्यांनी तिच्या हातावर जिलेबी ठेवली.

तिने विचारलं, "कशाची रे?"

"पोरगी झाली, आजी."

"मला तुझ्याआधी ठाऊक हाय!" म्हातारी म्हणाली, आणि मग तिने ह्यांच्या गालावरून हात फिरवला. "तव्हा मला लय वाईट वाटलं बग. आता सांग, कुनासारकी हाय?"

हे गाडीच्या पायरीवर बसून सांगायला लागले. नाक कसं, कपाळ कसं, रडते कशी, मूठ कशी धरते. आतली माणसं खिडक्यांतून वाकून ऐकत होती. चाचांनी एकदा घड्याळाकडे बघितलं, मग तेही एक जिलेबी घेऊन पायरीशी टेकले. त्या दिवशी गाडी सुटायला चांगलाच उशीर झाला.