जायची कॉफी

राझिया स्वतःच्या घरासमोर आली आणि दार वाजवून थांबली.

युद्धात गेलेलं घर परत मिळाल्याचा हुकूम तिच्या पर्समध्ये होता. त्यासाठी इतके हेलपाटे झाले होते, की आनंद करायलाही अंगात त्राण उरलं नव्हतं. धास्ती मात्र एकच होती. अशा घरांत येऊन राहिलेली माणसं सोडून जाताना दारं, खिडक्या, नळ, सगळं उखडून नेत. युद्धात तिच्या नवऱ्याला, नुरियाला, याच अंगणातून नेलं होतं. तो परतला नाही. स्वयंपाकघरातला नळ त्यानं स्वतःच्या हातानं बसवला होता. तेवढा राहिला असू दे, एवढंच तिला वाटत होतं.

दार स्तोयानं उघडलं. इतकी वर्षं या घरात तीच राहत होती. तीही त्याच युद्धात बुगोयनो गावाहून हाकललेली. तिच्या तिथल्या घरात भलतंच कुटुंब राहत होतं.

"या. कॉफी ठेवलीय."

राझियानं उंबऱ्याशी बूट काढले, पाहुणीसारखे.

नळ जागेवर होता.

रीतीप्रमाणे पहिली कॉफी स्वागताची. दुसरीला स्तोया म्हणाली, "हा नळ कुणी बसवला हो? निळ्या खुणेला गरम, लाल खुणेला थंड! किती वेळा हात भाजला माझा!"

"आमच्या ह्यांनी. डावखुरे होते."

"म्हणून जग डावखुरं होतं का?"

"मी हेच ओरडायचे!"

दोघी हसल्या. मग हसू आपोआप विरलं.

"काल भाचा पाना घेऊन आला होता," स्तोया म्हणाली. "म्हणे, मावशी, नळ तरी नेऊ. म्हटलं, राहू दे रे. हा वाकडा नळ दुसऱ्या घरात कुठे नांदायचा!"

राझियानं मान खाली घातली.

आता तिसरी. ती जायची कॉफी, पाहुण्याला उठवण्यासाठीची. घरची बाई ओतते आणि पाहुणा समजून घेतो. भांडं दोघींच्या मध्ये होतं. कुणीच हात लावेना.

शेवटी स्तोयानंच ते उचललं. फक्त स्वतःच्या कपात ओतलं. उभ्यानंच प्यायली. बॅग घेतली.

"कुठे जाशील गं?"

"बहिणीकडे, दोबोयला. तीही दुसऱ्याच्याच घरात आहे. तिलाही घर सोडायचा हुकूम येईलच."

दार लागलं.

राझिया कप विसळायला उठली. निळी खूण पाहून तिनं तोटी फिरवली. कढत पाणी हातावर आलं. इतक्या वर्षांत सवय मोडली होती.

"नुरिया," ती पुटपुटली, "कितीदा सांगितलं तुम्हाला."