टाळामागून चालणारा कंप्युटर

“पुढें कोण, मागें कोण? आधीं तें सांगा!”

कुंभकोणमच्या त्या स्टुडिओत कुठलंही बटण दाबण्याआधी अण्णा बोट वर करून हे विचारायचे. बोट खाली येईपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. मी कोल्हापूरचा, कीबोर्ड वाजवणारा, तोंडाचा फाटका. पहिल्याच दिवशी म्हणालो, “अहो अण्णा, रेशनची रांग आहे का ही?”

“रांगच आहे,” अण्णा शांतपणे म्हणाले.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण ते बोट अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. नव्वदच्या दशकात बायकोची बँकेतली बदली झाली आणि तिच्या मागून मी त्या गावात येऊन पडलो. तमिळचा गंध नाही. पितळी भांड्यांच्या दुकानामागं स्टुडिओ चालवणारा एक माणूस मराठी बोलतो, असं कळताच पळत गेलो. आणि मराठी तरी कसली? ‘झालं’चं ‘जालें’, ‘मला’चं ‘मज’, आणि मध्येच तमिळमधलं “सरि, सरि”, म्हणजे आपलं ‘बरं, बरं’. पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तिकडं गेलेले, त्यांच्याबरोबर गेलेली भाषा तशीच राहिलेली. अशा माणसाकडं आठ ट्रॅकचा डिजिटल रेकॉर्डर असावा, याचं मला हसू यायचं.

तुम्ही असं यंत्र पाहिलं नसेल, तर एवढंच समजा: एका टेपवर आठ आवाज वेगवेगळे धरून ठेवायचे. माझ्या कंप्युटरातून बासरी, व्हायोलिन, ढोलक आपोआप वाजायचं. दोन्ही बरोबर चालावीत म्हणून मध्ये एक डबी. एकानं वेळ सांगायची, दुसऱ्यानं ती ऐकून मागून चालायचं. जुळलं की डबीवरचा लुकलुकणारा दिवा स्थिर व्हायचा. अण्णांचं ‘पुढें कोण’ ते हेच.

तिरुविसनल्लूरकडचे एक म्हातारे भागवतर, म्हणजे भजन गाणारे बुवा होते. भजनात ते पुढं बसून गात, आणि त्यांच्या मागं बसून अण्णांनी चाळीस वर्षं टाळ वाजवलेला. तिकडं त्याला जाल्रा म्हणतात. भागवतरांच्या घशात गाठ निघाली. चार दिवसांनी मद्रासला ऑपरेशन होतं, आणि नंतर आवाज राहील असं नाही, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

अण्णा त्यांना घेऊन स्टुडिओत आले. मी कंप्युटर पुढं ठेवला, रेकॉर्डर मागं. भागवतरांच्या कानात टकटक सोडली आणि अण्णांकरवी सांगितलं, या ठोक्यावर गा. बिचारे गायले. पण त्यांचं भजन संथ सुरू होऊन चढत जाणारं, आणि माझी टकटक ढिम्म. पाच मिनिटांत त्यांनी कानावरचे हेडफोन काढून ठेवले आणि तमिळमध्ये जे विचारलं ते अण्णांनी मला सांगितलं: “मला शाळेत घातलंय का?”

अण्णांनी मला न विचारता कंप्युटर बंद केला. मृदंग आणि स्वतःचा टाळ, एवढ्यावर तासभर भजन झालं. काय गायले हो! माझ्या अंगावर काटा आला. निघताना अण्णा त्यांना तमिळमध्ये काही म्हणाले, मग मला: “परत येतील तेव्हां कॅसेट ऐकवितों, म्हणालों.”

पण मद्रासच्या कॅसेटवाल्यांना नुसतं भजन नको होतं, भरगच्च वाद्यं हवी होती. ती घालायला पुढच्या आठवड्यात बसलो, तर दुसऱ्या कडव्यालाच माझं ढोलक मागं पडायचं. तीन दिवस डोकं फोडून मी हात टेकले. वैतागाच्या भरात सगळं विसरून म्हणालो, “अण्णा, त्यांनाच पुन्हा गायला सांगा की.”

“ऑपरेशन जालें. आवाज गेला,” अण्णा म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांचं बोट वर गेलं. “पुढें कोण ठेविला?”

“कंप्युटर.”

“तेंच चुकलें. कालचा पोर तो, पुढें बसला! त्यास मागें बसवा. मी शिकवितों.”

कंप्युटरला ठोके शिकवता येतात, पण एक न् एक ठोका कुणीतरी हातानं द्यावा लागतो. अण्णांनी टाळाच्या एका वाटीला पंच्याचा तुकडा गुंडाळला, माझं ढोलकाचं रबरी पॅड मांडीवर घेतलं, डोळे मिटले आणि भागवतरांच्या आवाजामागून त्या वाटीनं पॅडवर ठोके देत गेले. तासभर! एका जागी हात थांबला. मी ओरडलो, “अण्णा, चुकला!”

“चुकला नाहीं. येथें ते श्वास घेतात. मागें वळून मज पाहतात.”

टेप मागं नेऊन ऐकली. बरोब्बर तिथं इवलीशी फट होती. ती मला तीन दिवसांत सापडली नव्हती.

आता रेकॉर्डर पुढं, कंप्युटर मागं. दिवा लुकलुकला, स्थिर झाला. भागवतर चढले तशी माझी बासरी चढली, ते धावले तसं ढोलक धावलं. मी खुर्चीवरून उठून नाचलो. अण्णा नुसते “सरि, सरि” म्हणत डोळे पुसत होते.

कॅसेट निघाली, तिरुप्पनंदाळच्या बसमध्येसुद्धा वाजली. पण मी सांगणार आहे ते त्याच्या आधीचं, भागवतर परत आले त्या दिवसाचं. गळ्याला उपरणं, तोंडातून शब्द नाही. ते खाली मांडी घालून बसले, अण्णा सवयीनं त्यांच्या मागं. बोट वर गेलं, दिवा स्थिर झाला, बोट खाली आलं. आणि तो आवाज खोलीभर झाला.

भागवतरांचा हात हळूहळू ताल धरू लागला. ती श्वासाची जागा आली, आणि ते मागं वळले. अण्णांचे रिकामे हात हवेत थांबले. कंप्युटर थांबला. मग आवाज, ढोलक आणि अण्णांची टाळी एकाच क्षणी उमटली!

म्हातारा हसला. आवाज नाही, पण सगळं अंग हसत होतं. त्यांनी कंप्युटरकडं बोट केलं, मग माझ्याकडं, आणि आपल्या मागची जमीन थोपटली.

मी मुकाट्यानं खुर्ची सोडली आणि अण्णांच्या शेजारी जाऊन बसलो.